सेवा, मोल आणि बेवड

सेवेचे मोल घेतले की सेवा बाटते काय, हा प्रश्न आपल्या मंडळींत वारंवार निघतो. दिंडीच्या मुक्कामावर निघतो, मंदिराच्या बैठकीत निघतो, घरी चुलीपुढेही निघतो. एखादा माणूस मंडपात पाणी भरतो, सतरंज्या घालतो, रात्री उशिरापर्यंत भांडी घासतो. कोणी त्याची वाखाणणी केली की दुसरा लगेच म्हणतो, "अहो, तो काय फुकट करतो? दिवसाची मजुरी घेतो." झाले! एवढ्या एका वाक्याने त्या माणसाचे दिवसभराचे कष्ट पुण्याच्या खात्यातून निघून बाजाराच्या खात्यात जाऊन पडतात. उलट ज्याने पैसा घेतला नाही त्याचे नाव फळ्यावर लागते; मग त्याने अर्धाच तास काम केलेले का असेना.

या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आहेत. एक असे की, घेतले तेथे सेवा संपली. उरला तो धंदा. दुसरे असे की, जगात फुकट कोणीच काही करीत नाही. जो पैसे घेत नाही तो मान घेतो, नाव घेतो, नाही तर पुण्य तरी घेतो. पहिले उत्तर गरिबावर अन्याय करते, कारण न घेता काम करण्याची ऐपत ज्याच्या घरी दाणे आहेत त्यालाच असते. दुसरे उत्तर सर्वांवरच अन्याय करते, कारण ते चांगुलपणाचे नावच पुसून टाकते. आम्हांस दोन्ही अपुरी वाटतात. का, ते सांगण्यासाठी आज आम्ही वाचकांना ग्रंथाकडे न नेता शेतात नेणार आहोत. आणि तेथेही पिकाच्या शेंड्याकडे नव्हे, मुळाकडे.

तुरीचे किंवा हरभऱ्याचे एखादे रोप फुलावर येण्याच्या सुमारास खुरप्याने भोवतालच्या मातीसकट अलगद उकरून काढावे. उपटू नये, उपटले की जे पाहावयाचे तेच तुटून जमिनीत राहते. माती पाण्याने हळूहळू धुवावी. मुळांवर मोहरीएवढ्या, कोठे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. त्यांतली एक नखाने फोडून पाहा. आत तांबूस-गुलाबी रंग दिसला तर समजावे की त्या घरात चूल पेटलेली आहे. आत पांढरट असेल तर काम अजून लागलेले नाही. हिरवट, काळपट असेल तर काम आटोपलेले आहे.

या गाठींत राहतात जिवाणू. डोळ्यांना न दिसणारे, एकेका गाठीत लाखोंनी राहणारे. त्यांच्या एका मोठ्या गोतास शास्त्रज्ञ रायझोबियम म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडीही हे नाव आता रुळलेले आहे, कारण कृषी खात्याच्या आणि कृषी विद्यापीठांच्या पाकिटांवर ते छापलेले असते. हे जिवाणू काय करतात? हवेतला नत्र धरून पिकाला देतात. एवढेच. पण हे 'एवढेच' किती मोठे आहे ते समजून घेतले पाहिजे.

आपण श्वासाबरोबर जी हवा घेतो तिच्या १०० भागांपैकी सुमारे ७८ भाग नत्र असतो. एक एकर शेतावर जेवढी हवा उभी आहे तिच्यात सुमारे ३० हजार टन नत्र भरतो. आणि त्याच एकरातले पीक मूठभर नत्रासाठी पिवळे पडते! याचे कारण असे की हवेतल्या नत्राचे दोन-दोन कण एकमेकांना तीन पदरी गाठीने बांधलेले असतात. ती गाठ पिकाला सुटत नाही, जनावराला सुटत नाही, माणसाच्या शरीरालाही सुटत नाही. नत्रावाचून पान हिरवे होत नाही, डाळीत सत्त्व येत नाही, बाळाच्या अंगावर मांस चढत नाही. कोठार भरलेले, पण दाराला कुलूप, अशी ही स्थिती. ज्यांच्या हाती किल्ली आहे असे जीव पृथ्वीवर फार थोडे, आणि ते सगळे जिवाणूंच्या जातीचे. हत्तीला जे जमत नाही, वडाला जे जमत नाही, ते या कणाला जमते.

आता कडधान्याने जमीन सुधारते ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून सांगावी लागली नाही. त्याच्याकडे या गोष्टीसाठी एक नेमका शब्द आहे: बेवड. आधीचे पीक जाताना जमिनीत जो गुण किंवा अवगुण मागे ठेवून जाते तो त्याचा बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे जुना माणूस सहज म्हणतो आणि त्यावर पुढच्या पिकाची आखणी करतो. बाजरीत तुरीच्या ओळी टाकणे, मटकी-हुलगा मिसळून पेरणे, ताग दाट पेरून फुलावर येताच गाडणे, या सगळ्या रीतींमागे हीच जाण आहे. पण हे कोण करते, ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हते आणि युरोपातल्या पंडितांनाही फार काळ ठाऊक नव्हते.

त्या शोधाची कथा ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समधील बूसँगो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३८ च्या सुमारास वजन-मापे करून दाखविले की गव्हाच्या रोपात नत्र वाढत नाही, पण वाटाणा आणि क्लोव्हर नावाचे चाऱ्याचे द्विदल यांच्यात तो वाढतो. कोठून येतो? हे पक्के ठरविण्यासाठी पुढे अधिक काटेकोर प्रयोग झाले. बूसँगोने स्वतः केले, आणि इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतावर लॉज, गिल्बर्ट व पग यांनी १८५७-५८ मध्ये केले. त्यांनी माती भाजून शुद्ध केली, पाणी शुद्ध घेतले, रोपे काचेखाली झाकली. बाहेरचा म्हणून काही कण आत येऊ दिला नाही. आणि निष्कर्ष निघाला की वनस्पती हवेतला नत्र घेतच नाही! प्रयोगात खोट नव्हती. खोट असेल तर एवढीच, की माती इतकी सोवळी केली की जो काम करणारा होता तोच जळून गेला. करणाऱ्याला दाराबाहेर ठेवले आणि मग घरात काम होत नाही असा दाखला लिहिला.

१८८६ मध्ये जर्मनीतील हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी हा तिढा सोडविला. निर्जंतुक वाळूत वाटाण्याची रोपे खुरटत होती. त्यांनी त्या वाळूत चांगल्या शेतातल्या मातीचे थोडेसे पाणी घातले. रोपे तरारली, मुळांवर गाठी धरल्या. तेच पाणी उकळून घातले तर काही झाले नाही. म्हणजे मातीत जो होता तो जिवंत होता. १८८८ मध्ये हॉलंडमधील बायरिंक याने गाठीतला तो जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखविला. बायरिंकनेच पुढे १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टर हा दुसरा जिवाणू वर्णिला. तो कोणाच्या मुळात घर न करता मोकळ्या मातीत राहून नत्र धरतो. या इतिहासातून आम्ही एकच गोष्ट उचलतो: ज्याला आपण मळ म्हणून झटकतो त्यातच कोणी अन्नदाता बसलेला असू शकतो. सोवळ्या-ओवळ्याचा ज्यांना अजून फार अभिमान वाटतो त्यांनी ही गोष्ट मनाशी ठेवावी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा जिवाणू नत्र देतो तो फुकट देतो का?

नाही, माउली. फुकट देत नाही.

द्विदलाचे मूळ कोवळे असताना जमिनीत एक द्रव्य सोडते. त्या द्रव्याची खूण ज्याला पटते असा जिवाणू उलट आपले द्रव्य सोडून ओ देतो. मग मुळाचा एक बारीक केस वाकून त्याला कवेत घेतो, आतमध्ये वाट करून देतो आणि त्याच्यासाठी घर बांधू लागतो. ते घर म्हणजे ती गाठ. प्रत्येक पिकाचे पाहुणे ठरलेले. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या कामाचा नाही. सोयाबीन ज्या रानात नवे आले त्या रानात त्याचा पाहुणा नसला की मुळे मोकळीच राहतात. घर झाले की झाड त्याला जेवू घालते. पानांनी उन्हात जी साखर शिजविली तिच्यातला वाटा खाली मुळाकडे जातो. एका ग्रॅम नत्रामागे झाडाची कित्येक ग्रॅम साखर खर्ची पडते. शिवाय अडचण अशी की नत्राची गाठ सोडणारे जे द्रव्य जिवाणूपाशी असते त्याला प्राणवायूने बाधा होते, आणि जिवाणूला श्वासापुरता प्राणवायू तर लागतोच. म्हणून गाठीत एक तांबडे द्रव्य तयार होते. ते प्राणवायू धरून ठेवते आणि मोजूनमापून देते. हे द्रव्य आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याचे जवळचे भावंड आहे. नखाने फोडलेल्या गाठीत जो गुलाबी रंग दिसला तो याचाच.

आपल्याकडे हा संसार केव्हा उभा राहतो ते पाहा. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, तूर, मूग, सोयाबीन पेरून शेतकरी आषाढीच्या वारीला निघाला. तो वाटेवर असताना इकडे रानात कोणी नसते. बी उगवते आणि दोन-तीन आठवड्यांत मुळांवर गाठी दिसू लागतात. तो पंढरपूर करून घरी येतो तोवर जमिनीखाली, अंधारात, काम चालू झालेले असते. कोणी पाहिलेले नाही, कोणी फळ्यावर नाव लिहिलेले नाही. पण लक्षात घ्या: मजुरी मात्र चुकलेली नाही. किंबहुना झाड आधी घर बांधते, आधी जेवू घालते; नत्र त्यानंतर मिळतो.

येथे पुष्कळांचा हिरमोड होईल. आम्हां लोकांना जिवाणूलाही संत करून टाकण्याची हौस असते. 'पाहा, हा इवलासा जीव कशाचीही अपेक्षा न ठेवता जगाला पोसतो,' असे एक गोड वाक्य व्याख्यानात शोभून दिसते. वाटाण्याच्या गाठीतले जिवाणू कामाला लागले की फुगतात, त्यांचा आकार बदलतो आणि त्यांना पुन्हा वंश वाढविता येत नाही, हे कळल्यावर तर त्यांना हुतात्मा म्हणण्याचा मोह होतो. पण खरे ते सांगितले पाहिजे. त्याच गाठीत न बदललेले त्यांचे भाईबंद असतात. गाठ कुजली की ते जमिनीत परततात आणि वंश चालवितात. सोयाबीनच्या गाठीतले कामकरी जिवाणू तर स्वतःच परतू शकतात. हा व्यवहार आहे. दोन्हीकडून देणे, दोन्हीकडून घेणे.

आणि हा व्यवहार कडकही आहे. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनवर एक प्रयोग केला. काही गाठींभोवतालच्या हवेतला नत्र काढून घेऊन त्याजागी आरगॉन नावाचा दुसरा वायू भरला. जिवाणू तेच, पण आता त्यांना नत्र देता येईना. तेव्हा झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि तेथील जिवाणूंची वाढ जवळजवळ निम्म्यावर आली. देत नाही, तर घेऊ नकोस, असा झाडाचा रोकडा न्याय.

हे वाचून कोणी म्हणेल, "बरे झाले! सृष्टीच सांगते की जो काम करील त्याने खावे. मग पंगतीत आयत्या बसणाऱ्यांना आपण का वाढावे?" थांबा. त्या प्रयोगात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्या जिवाणूंनी आळस केला नव्हता. त्यांच्या भोवतालचा नत्रच कोणीतरी काढून घेतला होता. झाडाला ते कळले नाही. झाडाला फक्त एवढेच कळले की येथून काही येत नाही. झाड फळ पाहते, कारण पाहू शकत नाही. माणूस पाहू शकतो. आजारी पडलेला गडी, पाऊस न आल्याने बुडालेला शेतकरी, म्हातारपणी हात थरथरणारी आई, यांच्याकडूनही 'काही येत नाही'. त्यांचा प्राणवायू आवळावा काय? सृष्टीकडून शिकावे, पण तिला शास्त्र मानून तिच्या मागे डोळे मिटून जाऊ नये. पंगतीत आलेल्याला 'तू काय केलेस' असे न विचारता वाढणे, हे झाडाला न जमणारे काम आहे. ते माणसाचे आहे, आणि वारीच्या वाटेवरची गावे ते वर्षानुवर्षे करीत आली आहेत.

मग जिवाणूपासून शिकायचे ते काय? आमचे म्हणणे असे की त्याच्या मनात डोकावू नये. त्याला मन असल्याचे दिसत नाही, आणि माणसाच्या मनातला निष्कामपणा तरी आपण कोठे मोजू शकतो? पाहायचे ते एवढेच: हिशेब चुकता झाल्यावर जमिनीत काय उरले?

तुरीने साखर दिली, जिवाणूने नत्र दिला. फिटंफाट झाली. पण गोष्ट तेथे संपत नाही. तुरीची पाने पिकून गळतात आणि सरीत कुजतात. मुळे जमिनीतच राहतात, गाठी विरघळतात. त्यांतला नत्र मातीत मिसळतो. पुढच्या हंगामात तेथे ज्वारी येते. त्या ज्वारीने जिवाणूला साखरेचा कणही दिलेला नसतो. ती त्या व्यवहारात कधी नव्हतीच. तरी तिच्या ताटात वाढलेले असते. हा बेवड. यालाच आम्ही दान म्हणतो. दान म्हणजे मजुरी न घेणे नव्हे. मजुरी घेऊन, पोट भरून, ज्याच्याशी आपला काही व्यवहार नाही अशा पुढच्यासाठी काही मागे राहू देणे, ते दान.

मात्र हा बेवड आपोआप राहतो असे समजू नये. 'कडधान्य पेरले की जमिनीत नत्र वाढलाच' हे पूर्ण सत्य नव्हे. जिवाणूने धरलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणा पोत्यात बसून बाजारात जातो. उरतो तो पाला, काड, मूळ आणि गाठ यांत. हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेला, सोयाबीनची गुळी पेटवून दिली, पाला झाडून नेला, आणि शेणखतही परत घातले नाही, तर जिवाणूने केलेले सारे काम शेताबाहेर गेले. उलट जमिनीच्या गाठीचेही काही गेले. पीक कापून घ्यावे, मूळ राहू द्यावे. देणारा देऊन गेला तरी त्याचे दान टिकते की नाही हे घेणाऱ्याच्या हाती असते. दात्याच्या निष्कामतेची चौकशी करण्यात आपण फार वेळ घालवितो. घेणाऱ्याच्या हावेची चौकशी कोणी करीत नाही.

आता वर सांगितलेल्या मंडपातल्या माणसाकडे वळू. त्याने मजुरी घेतली. घ्यावी, ती त्याची साखर आहे. आम्ही तर असे म्हणू की निष्काम सेवा हे व्रत ज्याचे त्याने स्वतःसाठी घ्यावयाचे आहे. ते दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाचे नाही. आपल्यातच काही ठिकाणी असे चालते की स्वयंपाक करणाऱ्या बाईला, झाडलोट करणाऱ्या पोराला, ओझी उचलणाऱ्या गड्याला 'सेवा समजून कर बाबा' म्हणून सांगायचे आणि हातावर नारळ ठेवायचा. सांगणारा स्वतः मात्र भाड्यापासून मानधनापर्यंत सगळे चोख घेतो. हा उपदेश नव्हे, ही मजुरीची चोरी आहे आणि वर तिला भक्तीचे पांघरूण आहे. झाड निदान आधी जेवू घालते, मग मागते. शेतात खुरपणीला आलेल्या बायांची मजुरी संध्याकाळी हातावर पडली पाहिजे. ती देऊन झाल्यावर मग त्यांतली एखादी बाई घरी जाताना वाटेवरच्या तहानेल्याला आपल्या तांब्यातले पाणी देईल. ते तिचे दान. ते आपल्या वहीत लिहिलेले नसते आणि लिहिण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

येथे शेतकरी वाचक विचारील, "महाराज, हे सगळे ठीक, पण आता युरियाचे पोते मिळते. जिवाणूचे आर्जव कशाला?" या प्रश्नाला टाळून चालणार नाही. १९०९ मध्ये जर्मनीतील फ्रिट्झ हाबर याने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची रीत प्रयोगशाळेत साधली. कार्ल बॉश याने ती कारखान्यात उतरविली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथील कारखाना सुरू झाला. जे काम गाठीतला जिवाणू मातीच्या गारव्यात बसून करतो त्यासाठी तेथे चार-पाचशे अंशांचे तापमान आणि हवेच्या दोनशे पटींइतका दाब लागतो. अभ्यासकांचा अंदाज असा की आज जगातील जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या खताच्या आधारावर उभे आहे. तुमच्या-आमच्या भाकरीतही ते आहे. तेव्हा या विद्येला शिव्या देऊन मोकळे होणे म्हणजे जेवल्या ताटाला विसरणे होय.

पण त्याच अमोनियापासून स्फोटके झाली आणि १९१४ ते १९१८ च्या युद्धात ती माणसांवर पडली. त्याच हाबरच्या देखरेखीखाली १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीनचा विषारी वायू सोडण्यात आला. आणि त्याच माणसाला अमोनियाच्या शोधाबद्दल १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच हाताने भाकरीही दिली आणि मृत्यूही दिला. विद्या किल्ली देते. कोणते दार उघडावे ते सांगत नाही.

शेतातही असेच आहे. युरियात १०० किलोंमागे ४६ किलो नत्र असतो. तो जमिनीत भरपूर पडला की द्विदलाचे मूळ जिवाणूला बोलावणेच कमी करते. गाठी थोड्या धरतात, कधी धरतच नाहीत. आयते मिळत असताना पाहुण्याला साखर कोण वाढील? आणि घातलेले सगळे पिकाला लागते असेही नाही. जगभरचा हिशेब पाहिला तर निम्म्याच्या आसपासच पिकांत जाते. बाकीचे काही पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते; पिण्याच्या पाण्यात ते फार वाढले तर तान्ह्या मुलांना बाधते. काही वायुरूपाने उडून जाते, आणि त्यातला एक वायू पृथ्वी तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट जबर असतो. युरियाही मागे काही ठेवून जातो. पण तो बेवड नव्हे, ते कर्ज. फेडणारा मात्र दुसराच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की जेथे जिवाणू काम करू शकतो तेथे त्याला करू द्यावे. कडधान्याच्या बियाण्याला त्याच पिकाचा जिवाणू लावावा. साधारणपणे १० किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवावे, बियाण्याला हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. उन्हात ठेवू नये. तो जीव आहे, भुकटी नव्हे. बुरशीचे औषध लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. आणि पीक निघाल्यावर मुळे जमिनीला ठेवावी.

एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत अवघड आहे. जो जमीन एका वर्षाच्या खंडाने घेतो त्याला बेवडाची फिकीर कमी असते. त्याचाही फार दोष नाही. पुढच्या वर्षी तेथे दुसराच कोणी पेरणार. मग आपण ताग गाडून त्याचे पीक का पिकवावे? तो पोती ओततो, पीक घेतो, काड पेटवितो आणि जातो. वर्षाला खंडकरी बदलणारे रान पाहिले की त्याची माती हातात घेताच कळते.

पण, वाचकहो, आपल्यांत कायमचा मालक कोण आहे? सातबाऱ्यावर नाव असले तरी तेथे आधी आजोबांचे होते आणि पुढे नातवाचे लागेल. आपल्या सर्वांचाच खंड थोड्या वर्षांचा आहे. या मुदतीत कष्टाचे घ्यावे, पोटभर घ्यावे, दुसऱ्याच्या कष्टाचे चोख द्यावे. यात सेवा कोठेही बाटत नाही. फक्त रान सोडून जाताना ते उपटून, झाडून, पेटवून जाऊ नये. ज्याचे तोंड आपण पाहणार नाही असा कोणी त्यात ज्वारी पेरील. त्याच्यासाठी मुळे राहू द्यावी.